लातूरच्या उन्हात फॅलेनॉप्सिस: वर्षभर सांभाळायचं कसं

माझं पहिलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड दीड महिन्यात गेलं. पुण्याच्या एका नर्सरीतून आणलेलं, सात पांढऱ्या फुलांचं. एसटीत मांडीवर धरून लातूरपर्यंत आणलं, आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यालाही तांब्याभर घालायला लागले. सासूबाई ओसरीतून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "पाणी घालायलीस का बुडवायलीस गं त्याला?" मी हसण्यावारी नेलं. एप्रिल महिना, बाहेर ४१ अंश, झाड पावसाच्या जंगलातलं. त्याला पाणी नको तर काय हवं? पानं लोळायला लागली तेव्हा तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडी उलटी केली, तर मुळं चिखलासारखी तपकिरी. बोटांत धरून ओढलं की साल निघून यायची आणि आतला दोरा तेवढा हातात राहायचा.

त्यानंतरच्या वर्षांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. आधी दोन गोष्टी सांगते, पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. मराठवाड्यात हे झाड पाण्यावाचून मरत नाही. मुळाशी पाणी जास्त आणि पानांभोवती हवा कोरडी, या दोन उलट्या गोष्टींच्या कात्रीत सापडून मरतं. दुसरी गोष्ट आपल्या फायद्याची. फुलं येण्यासाठी या झाडाला रात्रीचा जो गारवा लागतो, त्यासाठी मुंबई-कोकणातले ऑर्किडवाले झुरतात. आपल्याकडे कोजागिरीनंतर तो फुकट मिळतो. म्हणजे इथे फुलवणं सोपं आहे, मार्च ते जून जगवणं अवघड.

झाडाचा स्वभाव

फॅलेनॉप्सिस ही ऑर्किडची एक प्रजात. तिच्यात सत्तरच्या आसपास जाती आहेत आणि त्या ईशान्य भारतापासून फिलिपिन्स, इंडोनेशिया, न्यू गिनी ओलांडून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या आहेत. १८२५ मध्ये कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या झाडांवरून हे नाव दिलं. त्याचा ग्रीक अर्थ 'पतंगासारखं दिसणारं'. पतंग म्हणजे दिव्याभोवती फिरणारा किडा, संक्रांतीचा नव्हे. पांढऱ्या जातीची फुलं अंधाऱ्या जंगलात फांदीवर ओळीने बसलेल्या पतंगांसारखीच दिसतात. बाजारात मिळतात ते बहुतेक सगळे संकर. नर्सरीवाले 'फॅलेनो' किंवा 'मॉथ ऑर्किड' म्हणतात.

जंगलात हे झाड जमिनीत उगवत नाही. मोठ्या झाडाच्या खोडाला मुळांनी धरून राहतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण "हे बांडगूळच ना?" असं विचारतो. नाही. बांडगूळ यजमान झाडात मुळं घुसवून रस ओढतं. ऑर्किड नुसतं बसायला जागा घेतं. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खत सालीवर साचलेल्या पाचोळ्याचं.

मुळांवर स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं. पाऊस आला की ते काही मिनिटांत पाणी शोषतं आणि मूळ हिरवं दिसतं. वारा लागला की सुकून पुन्हा चंदेरी होतं. भिजायचं आणि सुकायचं, पुन्हा भिजायचं आणि सुकायचं, हा या मुळांचा धर्म. कायम ओलं ठेवलं की त्यांना हवा मिळत नाही आणि ती सडतात.

आणखी एक खोड: आपली कोरफड आणि निवडुंग करतात तसं हे झाड पानांची छिद्रं बहुतांशी रात्री उघडतं. दिवसा दारं बंद, रात्री श्वास. त्यामुळे आपली मे महिन्यातली दुपार त्याला जितकी छळते, तितकीच किंवा थोडी जास्तच ती रात्र छळते, जेव्हा बारा वाजताही भिंतीतून झळ येत असते.

घ्यायचं कधी, बघायचं काय

एप्रिल-मेमध्ये घेऊ नका, फुकट मिळालं तरी. नर्सरीच्या शेडमध्ये हवेत ओल टिकवून ठेवलेली असते. तिथून उचलून थेट आपल्या लाहीत आणणं म्हणजे कोकणातला माणूस पहिल्याच दिवशी भर दुपारी कापूस वेचायला लावण्यासारखं आहे. गणपती उठल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. झाडाला रुळायला वेळ मिळतो.

दुकानात सगळे फुलं बघतात. तुम्ही कुंडी बघा. चांगलं रोप पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत असतं, बाजूने मुळं दिसतात. ती जाड, टणक, हिरवी किंवा चंदेरी हवीत. तपकिरी आणि चपटी असतील तर सोडून द्या. निदान चार पानं हवीत, आणि मधला गाभा, जिथून नवं पान निघतं तो, हिरवा आणि कडक हवा. तिथे काळा ठिपका असेल तर विक्रेत्याने अर्ध्या किमतीत दिलं तरी नको. दांड्यावर निम्मी फुलं उमललेली आणि निम्म्या कळ्या असं झाड घ्यावं. नुसत्या कळ्यांचं झाड प्रवासाच्या धक्क्याने आणि कोरड्या हवेने कळ्या पिवळ्या करून टाकतं.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. फक्त बोटाने मुळांच्या मधोमध चाचपून बघा. बऱ्याच रोपांच्या पोटात शेवाळाचा घट्ट बोळा असतो, वरून कोरडा आणि आतून ओला. तो असेल तर पाणी देताना आणखी हात आखडता घ्या.

आणि फुललेलं झाड आंब्याच्या आढीच्या खोलीत ठेवू नका. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने फुलं वेळेआधीच कोमेजतात. केसरच्या पेट्या आल्या त्या वर्षी माझी नऊ फुलं चार दिवसांत गळाली. कारण कळायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला.

जागा

पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, त्यानंतर उजेड हवा पण ऊन नको. उत्तरेची मोठी खिडकीही चालेल. दक्षिणेला पडदा किंवा ७५ टक्क्यांची शेडनेट लागेल. पश्चिमेचा विचारच सोडा. आपल्याकडे पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तव्यासारखी असते. पत्र्याच्या शेडखालीही नको, शेडनेट कितीही ताणली तरी वरून भाजणं थांबत नाही. जुन्या माळवदाच्या घराची ओसरी असेल तर तुम्ही नशीबवान. मातीच्या जाड छताखाली दुपारी जो गारवा असतो तो झाडालाही कळतो.

उजेड मोजायला यंत्र नको. दुपारी बाराला पानाच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. सावलीची कड पुसट पण हाताचा आकार ओळखू येतो, एवढा उजेड बरोबर. सावली कोरीव पडली तर जास्त आहे, पडलीच नाही तर कमी. दुसरी खूण पानाचा रंग. पोपटी-हिरवं पान ठीक. गडद, काळपट हिरवं पान बघायला छान पण ते झाड फुलणार नाही. पिवळट किंवा तांबूस झाक आली तर ऊन जास्त होतं आहे. दुपारी पानाला हात लावून बघायची सवय लावा. पान तापलेलं लागलं तर त्या क्षणी जागा बदला. भाजलेला डाग नंतर जात नाही.

कुंडी आणि भर

मातीचा कण नको. ज्या काळ्या मातीचा आपल्याला अभिमान आहे तिच्यात हे झाड आठवड्याभरात गुदमरेल. शेणखत, गांडूळखत, कोकोपीटचा भुगा, हेही नको. भर म्हणजे मुळांना धरायला काहीतरी खडबडीत आणि मधून वारा खेळेल असं.

पुस्तकांत निव्वळ पाइनची साल सांगितलेली असते. आपल्या हवेत ती उन्हाळ्यात दिवसभरात खडखडीत होते. मी घेते ते असं: पाइनची साल दोन भाग, नारळाच्या सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे एक भाग, लाकडी कोळशाचे तेवढेच तुकडे एक भाग. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो. भुगा चाळून टाका, तुकडे धुऊन घ्या. शहाळेवाल्याकडच्या टाकून दिलेल्या साली वाळवून तोडल्या तरी चालतात, पण नारळाच्या सालीत क्षार असतात. तीन दिवस भिजत घाला आणि रोज पाणी बदला. पहिल्या दिवशी पाणी चहासारखं लाल होईल, तिसऱ्या दिवशी फिकट. हे टाळलंत तर मुळांची टोकं काळी पडतील. तळाशी खापराचे दोन-चार तुकडे.

कुंडी झाडाच्या मानाने लहानच हवी, मुळं जेमतेम मावतील एवढी. साधारण रोपाला चार-पाच इंच पुरे. पारदर्शक प्लास्टिकची असली की मुळांचा रंग बघून पाण्याचं ठरवता येतं. बुडाला भोकं आहेतच, बाजूलाही तापलेल्या खिळ्याने आठ-दहा पाडा. ही कुंडी नंतर मातीच्या जाळीदार कुंडीत बसवली तर दिसायला बरी आणि गारही राहते. ज्या शोभेच्या चिनी मातीच्या भांड्यातून हे झाड भेट म्हणून येतं त्याला बहुधा बुडाला भोकच नसतं. त्यात चमचे ठेवा.

पाणी

इथे थोडं थांबून वाचा, कारण आपल्याकडची निम्मी झाडं या एकाच पायरीवर जातात.

आधी पाणी कुठलं ते बघू. बोअरचं पाणी जड असतं. कळशीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, तोच थर मुळांच्या स्पंजावर बसतो आणि पुढे ते मूळ पाणी शोषायचंच थांबतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं स्वस्त यंत्र मिळतं. आकडा २०० च्या आत असेल तर निश्चिंत वापरा. मराठवाड्यातल्या बऱ्याच बोअरला तो हजाराच्या घरात दिसेल. असं पाणी सलग देऊ नका. आरओचं शुद्ध पाणी तीन भाग आणि साधं पाणी एक भाग मिसळा. निव्वळ आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं आणि तेही झाडाला लागतं. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जातं ते पाणी आपण पाणीटंचाईच्या सवयीने बादलीत साठवतो. ते फरशी पुसायला वापरा. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात.

सगळ्यांत उत्तम पावसाचं. मृगाच्या पहिल्या एक-दोन सरी पत्रा धुऊन जाऊ द्याव्यात, मग पन्हाळीखाली टाकी लावावी. झाकून, अंधारात ठेवलेलं दोनशे लिटर पाणी चार-पाच झाडांना दिवाळीच्या पुढेही पुरतं.

आता द्यायचं कसं. तांब्याने वरून ओतू नका. कुंडी बादलीत काठाखाली दोन बोटांपर्यंत बुडवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, काढून जाळीवर निथळू द्या. मुळं हिरवीगार दिसली पाहिजेत. मगच जागेवर. दोन झाडं एकाच पाण्यात बुडवू नका, एकाचा रोग दुसऱ्याला जातो. उरलेलं पाणी कढीपत्त्याला.

वेळ सकाळचीच. संध्याकाळी चुकूनही नाही. आणि मधल्या गाभ्यात पाणी गेलं तर ते तिथे रात्रभर राहता कामा नये. या झाडाचा शेंडा एकच असतो, तो सडला की वाढ संपली. मी देवघरातली कापसाची वात घेते, गाभ्यात टोक सोडते, ती पाणी ओढून घेते. एवढं साधं काम आहे पण माझी दोन झाडं त्याच्यावाचून गेली.

किती दिवसांनी? याचं उत्तर वारावर नाही, मुळांच्या रंगावर ठरतं. सगळी मुळं चंदेरी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली, की आणखी एक दिवस थांबून पाणी द्या; एप्रिल-मेमध्ये तो एक दिवस सोडा. अंदाज हवा असेल तर माझ्याकडे मे महिन्यात तिसऱ्या दिवशी, श्रावणात आठवड्याने आणि थंडीत आठ-दहा दिवसांनी पाळी येते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायचं, तेव्हा घरात माणसांच्या आंघोळीही मोजून होत्या. मला वाटलं या वर्षी ही झाडं जाणार. पण एका झाडाला पाळीला दीड-दोन लिटरची भांडी पुरायची, आणि निथळलेलं पाणी पुन्हा कामी यायचं. तीन होती, तिन्ही राहिली. पाणी जपून वापरायला लागलं म्हणूनच राहिली, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

हवेतली ओल

झाडाला हवेत ५० ते ७० टक्के ओल लागते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती २० टक्क्यांच्याही खाली जाते. ही दरी मुळाशी पाणी ओतून भरत नाही, हाच माझ्या पहिल्या झाडाचा धडा.

उपाय आपल्या घरात आधीच आहे. वाळ्याचा कुलर. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं आणि तितका गारवा जास्त, म्हणून मुंबईत जे यंत्र नुसती चिकचिक करतं ते लातूर-परभणीत मे महिन्यात खोली सात-आठ अंशांनी उतरवतं, वर हवेला ओल देतं. झाड कुलरच्या झोतासमोर नको. सहा-सात फुटांवर, एका बाजूला, जिथे पान जेमतेम हलतं. रात्रीही कुलरच्याच खोलीत ठेवा, हे महत्त्वाचं. झाड श्वास रात्री घेतं हे वर सांगितलंच. कुलरमध्ये बोअरचं पाणी असेल तर पानांवर पांढरे ठिपके येतील, ते आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पंधरा दिवसांनी पुसा.

कुलर नसेल तर पसरट परातीत खडी भरा, खडीच्या निम्म्यापर्यंत पाणी, वर कुंडी. कुंडीचं बूड पाण्याला टेकता कामा नये. याने फार मोठा फरक पडत नाही, पण चार कुंड्या एकत्र, मागे ओलं गोणपाट टांगलेलं, असा कोपरा केला तर फरक जाणवतो. दुपारची लाइट गेली की मी झाडं न्हाणीघरात नेऊन ओल्या फरशीवर पाटावर ठेवते. पानांवर सारखं पाणी फवारायचा मोह होतो. त्याने ओल दहा मिनिटं टिकते आणि गाभा मात्र भिजतो. मी सोडून दिलं.

खत

कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठी मिळणारं १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, चालतं. पण शेतात फवारणीला जे प्रमाण धरतात ते इथे विसरा. लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढं. आधी साध्या पाण्यात मुळं भिजवून मग खताचं पाणी, सुक्या मुळांना थेट खत दिलं तर टोकं जळतात. जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत एक पाळी खताची, एक साधी. महिन्यातून एकदा नुसत्या स्वच्छ पाण्याने भर चांगली धुऊन काढा, साचलेले क्षार निघून जातात. थंडीत महिन्याला एकदा पुरे. एप्रिल-मेमध्ये बंद. जीवामृत, ताक, केळीच्या सालींचं पाणी असं काहीबाही प्रेमाने देणारे भेटतात. त्यांना गुलाब दाखवा.

कुंडी बदलणं

दोन वर्षांनी भर कुजून मऊ होते, तेव्हा बदलावी लागते. पुस्तकात लिहिलेलं असतं की फुलं संपली की लगेच. आपल्याकडे फुलं संपतात मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा मुळं उघडी करणं म्हणजे झाडाला आगीत ढकलणं. मी मृगाची वाट बघते. दोन-तीन पाऊस होऊन हवा भिजली, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसायला लागली, की एक ढगाळ दिवस निवडायचा.

झाड आदल्या दिवशी भिजवून ठेवा, मुळं लवचीक होतात. कुंडी बाजूंनी दाबत झाड सोडवा; येत नसेल तर कुंडी कापा, मूळ ओढू नका. जुनी भर पूर्ण काढा, मधला शेवाळाचा बोळाही. कात्रीचं पातं गॅसवर धरून गार करून घ्या. दाबल्यावर पोकळ किंवा लिबलिबीत लागणारं मूळ कापा. टणक मूळ, रंग कसाही असला तरी, ठेवा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, फक्त कापलेल्या जागीच. धडक्या मुळांवर पडली तर ती त्यांनाही सुकवते. मग कुंडीत मधोमध धरून, सर्वांत खालचं पान भरीच्या वर राहील अशा उंचीवर, तुकडे सोडत जा आणि कुंडी आपटत जा. काडीने हलकं खोचा. झाड उचललं तर कुंडी बरोबर उचलली गेली पाहिजे, डुगडुगता कामा नये. त्यानंतर चार-पाच दिवस पाणी नाही, जखमा सुकू द्या. खत महिनाभर नाही. हवेत लोंबकळणारी मुळं आत कोंबायची गरज नाही, ती तशीच असतात.

पावसाळ्यातले पाहुणे

पाऊस सुरू झाला की झाड अंगणात ठेवून द्यावंसं वाटतं. शिंतोडे ठीक, झड नको. तीन दिवस गाभा ओला राहिला की पान बुडाशी पिवळं, पाणचट होतं आणि हात लावताच निघून येतं. असं झालं तर सडलेला भाग धडक्या भागापर्यंत कापून टाका, दालचिनी लावा आणि झाड पंख्याच्या वाऱ्यात ठेवा.

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनवर शंखी गोगलगायी तुटून पडल्या होत्या ते आठवत असेल. त्यांच्या लहान बहिणी भरीत लपतात आणि रात्री मुळांची कोवळी टोकं खातात. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघा, हाताने वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. कुंडीभोवती मीठ पेरू नका.

पिठ्या ढेकूण कापूसवाल्यांना सांगायला नको. पानाच्या बगलेत आणि फुलांच्या मागे बसतो. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून पुसायचा, आठवड्याने पुन्हा, तिसऱ्यांदा पुन्हा. एकदा पुसून जात नाही. उन्हाळ्यात पानाची खालची बाजू धुरकट, चंदेरी दिसली तर लाल कोळी आहे. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसणं, रोज, दहा दिवस. शेतातली उरलेली कीटकनाशकं घरात फवारू नका.

फुलं

आता आपला हंगाम. रात्रीचं तापमान १६ ते २० अंशांच्या आसपास तीन-चार आठवडे राहिलं की झाड दांडा काढायचं ठरवतं. रात्र सतत २८ च्या वर राहिली तर दांडा निघतच नाही. लातूरला कोजागिरीपासून रात्री उतरायला लागतात. तेव्हापासून झाड बंद खोलीत ठेवू नका; ओसरीत, बाल्कनीत, उघड्या खिडकीत ठेवा. दिवसा उजेड थोडा वाढवा. डिसेंबरमध्ये पारा १२-१३ च्या खाली जायला लागला की रात्री आत घ्या. परभणीकरांनी जास्त जपावं, तिथली थंडी कधी कधी एक आकडी होते.

दिवाळीच्या पुढेमागे पानाच्या बुडातून एक हिरवं टोक डोकावतं. मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल, चकचकीत. दांड्याचं चपटं, अंगठा तेवढा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं, थोडं वर वळलेलं. आठ दिवस थांबलात तर आपोआप कळतं. दांडा दिसल्यावर कुंडी फिरवू नका. तो उजेडाकडे वळत जातो, कुंडी फिरवली की नागमोडी होतो. वीतभर झाला की बारीक काठीला सैल बांधा. बांगडीवाल्याकडची केसांची चिमटी उत्तम.

टोक दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला तीन महिने लागतात. म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमाराला झाड फुलतं आणि पाडव्यापर्यंत, कुलरच्या खोलीत ठेवलंत तर त्याच्याही पुढे टिकतं.

फुलं गळाल्यावर दांडा खालून दोन-तीन पेरं ठेवून कापला तर कधीकधी त्यातून दुसरा फाटा निघतो. मी तसं करत नाही. एप्रिलच्या तोंडावर झाडाला पुन्हा फुलायला लावणं मला पटत नाही. दांडा बुडाशी कापते आणि झाडाला उन्हाळ्यासाठी मोकळं करते. दांडा स्वतःहून हिरवा राहून पेरावर पानं फोडायला लागला तर मात्र हात लावत नाही. ते पिल्लू असतं. त्याला बोटभर लांबीची तीन-चार मुळं येईपर्यंत आईलाच चिकटून राहू द्यावं, मग दांड्याच्या तुकड्यासकट कापून लहान कुंडीत लावावं. फुलायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात.

माझ्याकडच्या पहिल्या पिल्लाची कुंडी सासूबाईंनी मागून घेतली. त्यांच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीत आहे. मी पाण्याचं विचारायला गेले की त्या कुंडी उचलून बघतात आणि म्हणतात, "जड हाय अजून. उद्या बघू."